मदत असते, पण ती शोधायची कुणी?

‘अरे, कुणाला तरी दाखव’ हा सल्ला दुःखातल्या माणसाला दिवसातून दोनदा तरी मिळतो. कुणाला दाखवायचं, पत्ता कुठून काढायचा, समोरून फोन उचलल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं, हे मात्र सल्ला देणाऱ्यालाही ठाऊक नसतं. घरातलं माणूस गेलेलं असतं, झोप उडालेली असते, साधा अर्ज भरताना हात थबकतो, बँकेपासून विम्यापर्यंतचे कागद डोक्यावर असतात. आणि नेमक्या त्याच माणसानं इंटरनेटवर बसून मानसोपचाराच्या दहा जागा धुंडाळाव्यात, त्यातली बरी कुठली ते ठरवावं, अशी आपली अपेक्षा. मला हे उफराटं वाटतं. शोधाशोध हे काम जवळच्या दुसऱ्या कुणीतरी अंगावर घ्यायचं असतं. म्हणून हा लेख मुख्यतः त्या दुसऱ्या माणसासाठी आहे: भाऊ, मैत्रीण, वहिनी, शेजारी, ऑफिसातला सहकारी, कुणीही. स्वतःसाठीच शोधत असाल तर निदान फोन करण्याचा भाग कुणाच्या तरी गळ्यात मारा.

जागतिक आरोग्य संघटनेनं इतर संस्थांबरोबर २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराची एक मार्गदर्शिका काढली. आपत्तीच्या वेळी मानसशास्त्र न शिकलेल्या माणसालाही वापरता यावी, अशा बेतानं लिहिलेली. तिच्यात मदत करणाऱ्याची कामं तीनच सांगितली आहेत: बघा, ऐका, जोडून द्या. पहिली दोन आपल्याला थोडीफार जमतात. तिसऱ्याच्या वेळी आपण ‘काही लागलं तर सांग’ म्हणून मोकळे होतो, आणि ज्याला लागतं तो सांगत नाही.

मदत लागते ती किती?

कुठेही फोन लावण्याआधी हा प्रश्न, कारण चूक दोन्ही बाजूंनी होते. कुणी चौथ्याच दिवशी रडणाऱ्या माणसाला मनोविकारतज्ज्ञाकडे न्यायला निघतं, तर कुणी दोन वर्षं घराबाहेर न पडलेल्या माणसाला ‘काळच औषध’ म्हणून सोडून देतं.

पश्चिम ऑस्ट्रेलियातलं एक सर्वेक्षण २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं. जवळचं माणूस जाऊन सहा महिने ते दोन वर्षं झालेल्या लोकांना त्यात प्रश्न विचारले होते. सुमारे ५८ टक्के लोकांची शोकात अडकून पडण्याची जोखीम कमी निघाली; घरच्यांच्या आणि मित्रांच्या आधारावर त्यांचं निभण्यासारखं होतं. सुमारे ३५ टक्के मधल्या गटात होते. यांना घराबाहेरचं कुणीतरी लागतं, पण ते डॉक्टरच असायला हवं असं नाही. आधारगट, शिकवून तयार केलेले स्वयंसेवक, एखादा चांगला समुपदेशक एवढं पुरतं. तज्ज्ञांची गरज असलेला गट सहा-सात टक्क्यांचा. शिवाय प्रत्यक्षात आधार कुणाकडून मिळाला, असं विचारल्यावर कुटुंब, मित्र आणि अंत्यसंस्काराची व्यवस्था करणारे लोक यांची नावं वर आली.

ही टक्केवारी सगळीकडे जशीच्या तशी लागू होईल असं नाही, पण तिचा आकार लक्षात ठेवण्याजोगा आहे. मधल्या गटाकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. घरच्यांना वाटतं, एवढं काही झालेलं नाही. दवाखान्याला वाटतं, हा आपला पेशंट नाही. गावातल्या किंवा मोहल्ल्यातल्या सेवांचा खरा उपयोग याच लोकांना असतो आणि त्या कुठे आहेत हे त्यांनाच माहीत नसतं.

तज्ज्ञांकडे जायचं कधी? २०२२ पासून याला थोडी नेमकी उत्तरं आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात ‘दीर्घकालीन शोकविकार’ हे निदान आहे आणि त्यासाठी किमान सहा महिन्यांची अट आहे. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं त्याच वर्षी प्रौढांसाठी बारा महिने आणि मुलांसाठी सहा महिने अशी मर्यादा ठरवली. नुसते महिने मोजायचे नसतात. गेलेल्या माणसाची ओढ किंवा त्याचाच विचार रोज आणि दिवसभर, मृत्यू खरा वाटतच नाही, आपला एक भाग तुटून गेल्यासारखं, कामावर-घरात-लोकांत काहीच पुढे सरकत नाही, असं चित्र असेल तर. नैसर्गिक मृत्यूनंतर साधारण दहांतल्या एकाच्या बाबतीत असं होतं, असं २०१७ च्या एका एकत्रित आढाव्यात दिसलं. अपघात, आत्महत्या, खून अशा मृत्यूंनंतर हे प्रमाण कितीतरी जास्त असतं. तिथे वर्षभर वाट बघत बसू नये.

या विकारासाठी वेगळा उपचार आहे, हेही फारसं कुणाला ठाऊक नसतं. कोलंबिया विद्यापीठातल्या कॅथरिन शिअर यांनी बसवलेली पद्धत साधारण सोळा बैठकांची आहे. त्यांच्याच गटाच्या २०१६ च्या अभ्यासात नैराश्यावरची गोळी जोडून पाहिली, तर नैराश्याची लक्षणं कमी व्हायला तिचा हातभार लागला, मूळ शोकावर मात्र तिचा वेगळा परिणाम दिसला नाही. म्हणून ‘डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात, आता होईल नीट’ एवढ्यावर थांबू नये. गोळी गरजेची असू शकते, पण सोबत बोलण्याचा उपचार कोण करणार हे विचारून घ्यावं.

जाता जाता: नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार या पाच पायऱ्या कुणाला शिकवायला जाऊ नका. एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये त्या मांडल्या त्या मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेला माणूस त्या क्रमानं चढत जातो, असा पुरावा नाही. १९९९ मध्ये नेदरलँड्समधल्या स्ट्रोब आणि शूट यांनी मांडलेलं चित्र अनुभवाशी जास्त जुळतं: माणूस कधी दुःखात बुडतो, कधी त्यातून बाहेर पडून बिलं भरतो, हसतो, परत बुडतो, आणि हे येणं-जाणं चालू राहणं हीच निरोगी चाल. त्यामुळे काल सिनेमा बघून आलेली व्यक्ती आज आधारगटाचा पत्ता मागत असेल तर तिला नाटकी ठरवू नका.

कोणत्या दारात काय मिळतं

पाट्या आधी समजून घेऊ, थोडक्यात. मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीय डॉक्टर असतो, तो औषधं लिहून देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट चाचण्या आणि बोलण्याचे उपचार करतो; बहुतेक देशांत तो औषधं देत नाही. समुपदेशक हा शब्द सगळ्यात सैल आहे. ब्रिटनसारख्या देशातही ही पाटी लावायला कायद्यानं नोंदणी सक्तीची नाही, म्हणून शिक्षण काय, कोणत्या संघटनेचं सदस्यत्व आहे, शोकाचं काम किती केलंय, हे विचारण्यात संकोच नको. आणि रुग्णालयातला समाजसेवक, ज्याला आपण फक्त बिल कमी करून घेण्यासाठी भेटतो, त्याच्याकडे बहुतेक वेळा गावभरच्या सेवांची माहिती असते.

त्याच्यापासूनच सुरुवात करावी, असं माझं मत. ज्या रुग्णालयात मृत्यू झाला तिथे परत फोन करायला नको वाटतं, हे खरं. पण तिथला समाजसेवा विभाग आणि पॅलिएटिव्ह केअरचा विभाग, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारांत वेदना कमी करणारी माणसं, यांच्या कामात मागे राहिलेल्या कुटुंबाची काळजीही धरलेली असते. सिसिली सॉन्डर्स या डॉक्टरांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस, म्हणजे आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची काळजी घेणारी संस्था, सुरू केलं आणि तिथे रुग्ण गेल्यानंतरही नातेवाइकांकडे लक्ष देण्याची पद्धत रुजली. अमेरिकेत मेडिकेअरच्या, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याच्या, नियमानुसार हॉस्पिसला रुग्णाच्या मृत्यूनंतर एक वर्षापर्यंत कुटुंबाला शोकसमुपदेशन उपलब्ध ठेवावंच लागतं. बरीच हॉस्पिस तर आपल्याकडे रुग्ण नव्हता अशा घरांनाही आपल्या आधारगटात घेतात. माणूस अचानक गेला असेल, हॉस्पिसशी कधी संबंधच आला नसेल, तरी जवळच्या हॉस्पिसला फोन करून बघण्यासारखा आहे तो यासाठी.

दुसरं दार नेहमीच्या डॉक्टरांचं किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राचं. कारण शोक शरीरात उतरतो. २८ नोव्हेंबर १९४२ ला बॉस्टनमधल्या कोकोनट ग्रोव्ह नावाच्या नाइटक्लबला आग लागून ४९२ माणसं गेली. त्या आगीतून वाचलेल्यांवर काम करणाऱ्या एरिक लिंडेमान या मनोविकारतज्ज्ञानं १९४४ मध्ये शोकाची लक्षणं पद्धतशीर नोंदवली. घसा आवळून येणं, सारखे उसासे, पोटात पोकळी, अंगातलं बळ जाणं, आणि हे सगळं लाटेसारखं वीस मिनिटं ते तासभर येऊन ओसरणं. ज्यानं अनुभवलंय तो हे वाचून चमकतो.

पण छातीत दुखलं की ‘दुःखानं होतंय’ म्हणून सोडूनही देऊ नये. जवळचं माणूस गेल्यानंतरच्या पहिल्या चोवीस तासांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका एरवीच्या सुमारे एकवीस पट असतो, असं २०१२ च्या एका अमेरिकी अभ्यासात आढळलं. पुढच्या दिवसांत तो उतरत जातो. बीपीच्या, मधुमेहाच्या गोळ्या या दिवसांत हमखास चुकतात. गेलेली व्यक्तीच आठवण करून देणारी असेल तर विचारायलाच नको. त्यामुळे मानसिक आरोग्याचं नावही न काढता ‘बीपी तपासून येऊ’ म्हणून आरोग्य केंद्रात नेणं हा सोपा आणि प्रामाणिक रस्ता आहे. तिथे झोप, भूक, मनातले विचार यांबद्दल डॉक्टर विचारतील. नाही विचारलं तर तुम्ही विषय काढा. पुढे कुणाकडे पाठवायचं असेल तर त्यांची चिठ्ठी उपयोगी पडते, काही देशांत ती लागतेच.

लिंडेमानचं आणखी एक म्हणणं होतं. इतक्या लोकांना मनोविकारतज्ज्ञ पुरणार नाहीत, तेव्हा धर्मोपदेशक आणि समाजसेवक यांनाही हे काम शिकायला हवं. १९४८ मध्ये त्यानं बॉस्टनजवळच्या वेलस्ली गावात लोकांच्या वस्तीतच मानसिक आरोग्याचं केंद्र काढलं. साधा शोक चार-सहा आठवड्यांत, आठ-दहा भेटींत मार्गी लागतो, हा त्याचा अंदाज पुढे टिकला नाही. माणसं शिकवून तयार करता येतात, हा मात्र टिकला.

त्याचा माझ्या मते सगळ्यात सुंदर नमुना झिम्बाब्वेत आहे. डिक्सन चिबांडा हे तिथले मनोविकारतज्ज्ञ. त्यांची एक तरुण रुग्ण आत्महत्येनं गेली. तिच्या आईनं सांगितलं, डॉक्टरांकडे यायचं होतं, बसभाड्याला पैसे नव्हते. २००६ मध्ये त्यांनी हरारेच्या म्बारे भागात चौदा आज्यांना हाताशी घेऊन काम सुरू केलं. या आज्या त्या वस्तीतल्याच, आधीपासून आरोग्याचं काम करणाऱ्या. आरोग्य केंद्राच्या आवारात झाडाखाली लाकडी बाक ठेवला. येणाऱ्याला आधी चौदा प्रश्न विचारायचे, मग बाकावर शेजारी बसून ऐकायचं. सल्ला द्यायचा नाही, ही शिकवण. आजी विचारते, ‘यातली कोणती अडचण आपण आधी घेऊ?’ समोरची बाई चार सांगते, त्यातली एक निवडते, त्यावर या आठवड्यात काय करता येईल हे तीच ठरवते, आजी पुढच्या भेटीत त्याच गोष्टीचं काय झालं ते विचारते. अशा सहा भेटी. ५७३ लोकांवर केलेली चाचणी २०१६ मध्ये अमेरिकी वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात आली. सहा महिन्यांनंतर बाकावर आलेल्यांची लक्षणं नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे कमी होती. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी गंभीर नैराश्यावर सहा ते आठ बैठका घेतल्या, त्याचाही चांगला निकाल २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. तेव्हा केंद्रात आरोग्यसेविका किंवा साधी समुपदेशक भेटली, मोठी डॉक्टर भेटली नाही, म्हणून नाक मुरडू नये. ती शिकलेली आहे का आणि अडलं तर वर पाठवण्याची सोय आहे का, एवढं बघावं.

मग आधारगट. १९६८ मध्ये इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या एका रुग्णालयात दोन मुलगे थोड्या अंतरानं गेले. तिथल्या तरुण धर्मोपदेशकाच्या लक्षात आलं की, ते दोन्ही आईबाप एकमेकांना जो धीर देतात तो आपल्याला देता येत नाही. पुढच्या वर्षी त्यातून ‘द कम्पॅशनेट फ्रेंड्स’ ही संघटना उभी राहिली आणि आज ती अनेक देशांत आहे. गट शोधताना यातलं मर्म लक्षात ठेवा: नुसता ‘शोकगट’ नको, शक्यतो त्याच प्रकारच्या वियोगाचा गट बघा. मूल गेलेली आई आणि नव्वदीचे वडील गेलेला मुलगा एकाच वर्तुळात बसले तर दोघंही अवघडतात. आत्महत्येनं माणूस गमावलेल्यांचे गट वेगळे असतात आणि तसेच असावेत, कारण तिथे दुःखाबरोबर अपराधीपणा आणि लोकांच्या नजरा असतात. गर्भपात किंवा जन्मतःच बाळ जाणं, हा आणखी वेगळा विषय. त्याचे गट प्रसूती विभागात विचारल्यावर कळतात.

बाकीची दारं झटपट. मानसशास्त्राचे वर्ग चालवणाऱ्या विद्यापीठांत प्रशिक्षणासाठी क्लिनिक असतात. तिथे शिकणारे विद्यार्थी वरिष्ठांच्या देखरेखीखाली, कमी शुल्कात किंवा मोफत काम करतात. मोठ्या कंपन्यांत कर्मचाऱ्यांसाठी समुपदेशनाची योजना असते, बऱ्याचदा घरच्यांनाही लागू, आणि ती कुणी वापरत नाही. एचआरला एक ईमेल. मुलांसाठी शाळा. मुलं दुःखात थोडा वेळच राहतात, मध्येच खेळायला पळतात. ‘तिला काही कळलेलं नाही’ असा अर्थ काढू नका आणि वर्गशिक्षकांना कळवा.

यादी कुठे असते?

बऱ्याच जागी यादी तयार असते, ती कुणाकडे आहे हे शोधावं लागतं. अमेरिकेत २११ हा नंबर फिरवला की तुमच्या भागातल्या सामाजिक आणि आरोग्य सेवांची माहिती मिळते. अटलांटात १९९७ मध्ये सुरू झालेली ही सोय नंतर देशभर पसरली. इंग्लंडमधल्या फ्रूम नावाच्या छोट्या शहरात २०१३ पासून स्थानिक डॉक्टरांच्या पुढाकारानं असा प्रयोग झाला: गावातले सगळे गट, मंडळं, सेवा यांची एक यादी केली, ती सतत ताजी ठेवली, आणि केशकर्तनालयवाल्यांपासून टॅक्सीवाल्यांपर्यंत शेकडो लोकांना ती वापरायला शिकवली. दुःखी माणूस डॉक्टरांपेक्षा न्हाव्याशी आधी बोलतो, हे त्यांनी बरोबर हेरलं.

तुमच्या भागात असं काही नसेल तर तीन फोन करा: सार्वजनिक रुग्णालयाचा समाजसेवा विभाग, जिल्हा किंवा महापालिकेचा आरोग्य विभाग, आणि एखादी हेल्पलाइन. हेल्पलाइन फक्त टोकाच्या वेळेसाठी असते हा गैरसमज आहे. ‘माझ्या भागात शोकासाठी काय आहे?’ हा प्रश्न तिथे बिनधास्त विचारता येतो. भारतात १० ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, मराठीसह अनेक भाषांत.

इंटरनेटवरच्या याद्या शिळ्या असतात. पत्ता बदललेला, गट बंद पडलेला, नंबर भलत्याच कुणाचा. म्हणून आधी तुम्ही फोन करून खात्री करा आणि मगच तो नंबर दुःखातल्या माणसाच्या हातात द्या. धीर गोळा करून लावलेला पहिलाच फोन ‘हा नंबर अस्तित्वात नाही’वर संपला, तर तो माणूस दुसरा लावत नाही.

फोनवर बोलायचं काय

घशाशी शब्द अडकतात म्हणून चार वाक्यं लिहून समोर ठेवा. ‘नमस्कार, मी माझ्या मैत्रिणीसाठी फोन करतेय. तिचे पती दोन महिन्यांपूर्वी अपघातात गेले. तिला झोप नाही, कामावर जाणं बंद आहे, जीव देण्याचं बोललेली नाही. तुमच्याकडे अशा वेळी कोणती मदत मिळते?’ यात नातं, काय घडलं, किती काळ झाला, रोजचं आयुष्य कुठे अडलंय आणि धोका आहे की नाही, सगळं आलं. पलीकडच्या माणसाला नेमकं एवढंच हवं असतं. त्या मैत्रिणीला विचारूनच हा फोन करायचा, हे वेगळं सांगायला नको. नाव तर तिची परवानगी असल्याशिवाय नकोच.

मग तुमचे प्रश्न. पहिली वेळ कधीची मिळेल? पैसे किती, सवलत कुणाला? भेट प्रत्यक्ष की व्हिडिओवर? कोणत्या भाषेत? भाषेचा मुद्दा छोटा नाही. परदेशात तीस वर्षं राहून अस्खलित इंग्रजी बोलणाऱ्या माणसालाही आपल्या आईबद्दल इंग्रजीत रडता येत नाही. आणि शेवटचा, बहुतेक लोक विसरतात तो: ‘तुमच्याकडे नसेल तर कुणाकडे असेल?’ नकारातूनही एक नवा नंबर मिळतो. वेटिंग लिस्ट मोठी असेल तर नाव घालाच, रद्द झालेली वेळ मिळेल का विचारा, आणि दरम्यान आधारगट किंवा हेल्पलाइन सुरू ठेवा.

थांबायचं नाही अशी वेळ

‘मलाही त्याच्याकडे जायचंय’ असं शोकात पुष्कळ लोक म्हणतात. ते ऐकून विषय बदलू नका, थेट विचारा: ‘जीव द्यायचा विचार येतो का? कसा, कधी, काही ठरवलंय का?’ असं विचारल्यानं विचार डोक्यात घुसत नाही. उलट बोलायला जागा मिळते. काही ठरवलं असेल, साधन जवळ असेल, तर माणसाला एकटं सोडू नका, साधन दूर करा आणि तातडीच्या विभागात न्या किंवा आपत्कालीन नंबर लावा; भारतात आणि युरोपीय संघात तो ११२. बोलण्यासाठी चोवीस तास चालू असलेले नंबर भारतात १४४१६, अमेरिकेत आणि कॅनडात ९८८, ब्रिटन-आयर्लंडमध्ये ११६ १२३, ऑस्ट्रेलियात १३ ११ १४. आपले लोक या सगळ्या देशांत आहेत, म्हणून इतके दिले. ज्या देशात आहात तिथला आत्ताच फोनमध्ये साठवून ठेवा.

जवळची सेवा नेहमीच बरी का?

नाही. लहान गावात समुपदेशकाच्या दारात कुणाची चप्पल आहे हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं. मृत्यूला बोभाटा झालेला असेल, घरात मालमत्तेवरून धुसफूस असेल, तर दूरच्या शहरातली किंवा फोनवरची सेवा जास्त मोकळीक देते. गुप्ततेबद्दल पहिल्याच भेटीत स्पष्ट विचारावं. जिवाला धोका किंवा मुलावर अत्याचार यांसारखे अपवाद जवळपास सगळीकडे असतात, आणि चांगला समुपदेशक ते आपणहून सांगतो.

काही खुणांवरून मात्र परत फिरावं. ‘तीन भेटींत पूर्ण बरं करतो’ अशी हमी, घरी चालू असलेली औषधं बंद करायला लावणं, आगाऊ मोठं पॅकेज. मृत्यूच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यांना एकत्र बसवून घडलेलं सगळं एकदाच उगाळायला लावणारी बैठकही टाळलेली बरी. एकाच बैठकीच्या अशा ‘डीब्रीफिंग’चा फायदा अभ्यासांत दिसलेला नाही, काहींना त्रासच वाढला. दोन-तीन भेटींनंतरही सूर जुळत नसेल तर दुसरा समुपदेशक बघण्यात त्याचा अपमान होत नाही. हे त्यालाच सांगितलं तर तो स्वतः नाव सुचवतो.

आणि एवढं सगळं शोधून काढल्यावर समोरचा माणूस ‘मला काही नको’ म्हणेल. बऱ्याचदा म्हणतोच. रागावू नका, कागद जपून ठेवा. पहिले काही आठवडे घर माणसांनी भरलेलं असतं, तेव्हा गरज कळत नाही. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात फोन थांबतात, येणारे-जाणारे आपापल्या कामाला लागतात. मग वाढदिवस येतो, वर्षदिवस येतो. त्या तारखा तुमच्या फोनमध्ये लावून ठेवा, चार दिवस आधीची आठवण, आणि ‘काही लागलं तर सांग’ऐवजी असं म्हणा: ‘मागे तो नंबर काढला होता ना, काल परत खात्री केली, त्यांचा गट अजून गुरुवारी भरतो. या गुरुवारी मी सोडायला येते, बाहेर थांबते. नको वाटलं तर पाच मिनिटांत परत येऊ.’